आईच्या स्वेटरवरची पानं

ताई : पुन्हा तेच! म्हणे ‘स्कॅनर सापडला नाही’. समोर आडवं पडलंय ते काय ताट आहे?

धाकटी : चिडू नकोस गं. आधी सॉफ्टवेअर घालायचं, मग केबल जोडायची. तू उलटं केलंस. सरक, मी बघते.

ताई : सावकाश. आता तू एकटी नाहीस, दोघं बसताय त्या खुर्चीत.

धाकटी : हं, दिसला बघ. आण स्वेटर. चित्र निघालं की मी उसवायला मोकळी.

ताई : एवढी कसली घाई? आईच्या हातचं तेवढंच उरलंय.

धाकटी : म्हणूनच तर. कपाटात कसर लागण्यापेक्षा तिची लोकर माझ्या बाळाच्या अंगाला लागू दे. तूच म्हणालीस, पानांची नक्षी तेवढी राहिली की झालं.

ताई : म्हणाले खरी. फोनवरच्या फोटोत टाके नीट दिसेनात, म्हणून तर हे धूड आणलं. स्वेटर पालथा ठेवू?

धाकटी : हो, पानं काचेकडे. अगंबाई, हा स्कॅनर कण्हतोय का?

ताई : नवाकोरा आणि आजारी?

धाकटी : खालची कडी काढली नाहीस! आतला दिवा प्रवासात हलू नये म्हणून अडकवलेला असतो. हां, आता सरकला.

ताई : दुपारी आपण झोपलोय का बघायला आई दार हळूच ढकलायची. तेव्हा उजेडाची पट्टी अशीच सरकायची भिंतीवरून.

धाकटी : आणि आपण डोळे गच्च मिटायचो.

ताई : तुला आठवतं?

धाकटी : उजेड आठवतो. तिचा चेहरा नाही आठवत, ताई.

(पडद्यावर स्वेटर वरून खाली हळूहळू उमटत जातो.)

ताई : केवढाली पानं ही! रानातून चालल्यासारखं वाटतंय.

धाकटी : अजून मोठं करते. हा काळा दोरा कसला? या पानातून निघून पार त्या पानात गेलाय.

ताई : काळी लोकर नव्हती तिच्याकडे. बघू...

धाकटी : ताई? काय झालं? रडतेस का?

ताई : केस आहे तो. आईचा. विणायला बसली की मोकळे सोडायची. पुढे आजारपणात सगळे गेले. तू एवढीशी होतीस तेव्हा.

धाकटी : किती लांब आहे गं.

ताई : कमरेच्या खाली यायचे.

धाकटी : उसवताना तुटेल ना हा?

ताई : तुटेल.

धाकटी : मग राहू दे. बाळासाठी नवी लोकर आणू. तू पडद्यावर टाके मोज, मी विणते.

ताई : विण. आणि विणताना केस बांधू नकोस.