चुंबळीचं कापड

मुलगी : बाबा, काचेला हात नका ना लावू, आत्ताच पुसलीय. उद्या संग्रहालय उघडायचंय.

वडील : पुसलीस छान. पण पाटीवर खोटं लिहिलंयस.

मुलगी : खोटं? 'परदेशी व्यापारामुळे हे बंदर उभं राहिलं, गाव भरभराटीला आलं.' चार महिने कागद धुंडाळून लिहिलंय मी!

वडील : ते खरंय गं. बोटी आल्या नसत्या तर ना शाळा झाली असती, ना तू माझ्याशी अशी भांडली असतीस. मी खालची पाटी म्हणतोय. या चुंबळीची.

मुलगी : 'ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची हमालाची चुंबळ. कापड परदेशी.' आबांचीच तर आहे, तुम्हीच आणून दिलीत. फाटक्या गाठींतलं कापड हमालांना मिळायचं, म्हणून मला वाटलं...

वडील : उलगड ती.

मुलगी : अहो, टाचण्या लावल्यात.

वडील : उलगड म्हणतो ना. काठ बघ.

मुलगी : ...हे तर हातमागाचं आहे!

वडील : आबांच्या मागावरचं शेवटचं. बाहेरचं कापड निम्म्या किमतीत यायला लागलं आणि दोन वर्षांत आमची अख्खी गल्ली गप्प झाली. मागाची लाकडं चुलीत गेली. आबा गोदीत लागले, त्याच कापडाच्या गाठी उतरवायला.

मुलगी : आबा विणकर होते? तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

वडील : कोणत्या तोंडानं बोलू? मी सात वर्षांचा होतो. एकदा त्यांनी गोदीतून बाहेरच्या कापडाचा तुकडा आणला. शेजारी हे ठेवलं, आणि मला विचारलं, 'सांग, यातलं चांगलं कुठलं?'

मुलगी : मग?

वडील : मी त्या चकचकीत तुकड्यावर हात ठेवला. सदरा हवा होता मला. आबा हसले. सदरा शिवूनही दिला. हे मात्र तोवर जपून ठेवलं होतं, ते त्याच संध्याकाळी पिळलं आणि त्याची चुंबळ केली.

मुलगी : लहान होतात हो तुम्ही.

वडील : होतो. पण अजून सलतं.

मुलगी : (पाटी काढत) सांगा, काय लिहू? 'हमालाची' तेवढं राहू दे ना?

वडील : 'विणकराची' लिही. हमाल म्हणून सगळे ओळखायचेच त्यांना.