बिनचूक पत्रक

सिस्टर : आता मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा, काका.

छापखानेवाले : स्तनातल्या गाठीचा आजार हाडांत आणि यकृतात पसरलेला आहे. दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. ताप शंभरच्या वर गेला तर वाट न बघता ताबडतोब इथे यायचं. उपचारांचा उद्देश आजार आटोक्यात ठेवणं हा आहे.

सिस्टर : शब्दन् शब्द माझाच. आता तुमच्या शब्दांत सांगा.

छापखानेवाले : माझे कुठून आणू? चाळीस वर्षं दुसऱ्यांचेच छापतोय.

सिस्टर : काकू बऱ्या होतील का, याबद्दल मी काय म्हटलं?

छापखानेवाले : आटोक्यात ठेवणं.

सिस्टर : म्हणजे?

छापखानेवाले : म्हणजे... नाही होणार.

सिस्टर : हो, काका. पूर्ण बऱ्या नाही होणार. दुखणं कमी करता येईल, थोडे दिवस वाढवता येतील. किती, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही.

छापखानेवाले : तिला सांगू नका.

सिस्टर : त्या सकाळीच मला बजावून गेल्यात, जे असेल ते माझ्यासमोर बोला म्हणून. त्या रक्त द्यायला गेल्या तेवढ्यात तुम्हीच एकटे आत घुसलात. येतीलच आता. तोवर हे पत्रक घ्या. घरच्या इतर बायकांनाही वाचायला द्या.

छापखानेवाले : हे मला कशाला देता? हे माझंच आहे.

सिस्टर : तुमचं?

छापखानेवाले : आमच्याकडे छापलंय. दहा हजार प्रती, दोन घड्या. निळा रंग जरा गडद उतरला म्हणून पहिल्या दोनशे मी रद्दीत टाकल्या.

सिस्टर : अहो, हे मी लिहिलंय. सहा वेळा लिहून काढलं, कुणालाही कळावं म्हणून. छापून आलं तेव्हा काना-मात्रेचीही चूक नव्हती. मी सगळ्या वॉर्डांत दाखवत फिरले.

छापखानेवाले : तीन प्रुफं काढली होती.

सिस्टर : कधीची गोष्ट ही?

छापखानेवाले : अकरा महिने झाले.

सिस्टर : आणि काकूंना ती गाठ पहिल्यांदा कधी जाणवली?

छापखानेवाले : त्याच्या थोडी आधी. आंघोळ करताना. मला म्हणाली, दुखत नाही. मी म्हटलं, दुखत नाही तर उगाच कशाला डॉक्टरांच्या नादी लागायचं? दुखली की जाऊ.

सिस्टर : काका, इथे मधल्या पानावर...

छापखानेवाले : वाचू नका.

सिस्टर : तीन वेळा तपासलंत तुम्ही.

छापखानेवाले : तपासलं. वाचलं नाही. कसं सांगू तुम्हाला... प्रूफ बघताना अर्थ लागू द्यायचा नसतो. अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक निसटते. मी फक्त अक्षरं बघतो. वेलांटी, उकार, टिंब. एकदा सख्ख्या मित्राच्या निधनाची बातमी तपासून दिली आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. बायकोने सांगितलं तेव्हा कळलं, कोण गेलं ते. हसत होते सगळे माझ्यावर. मीही हसलो.

सिस्टर : पाणी देऊ?

छापखानेवाले : तेव्हाच आलो असतो तर?

सिस्टर : आता त्याचा विचार...

छापखानेवाले : साध्या शब्दांत सांगा. आत्ता मी ऐकतोय.

सिस्टर : बहुधा गाठ काढून टाकता आली असती. तेवढ्या लवकर आलेल्या पुष्कळ बायका बऱ्या होतात. काकू झाल्याच असत्या असं छातीठोकपणे नाही सांगता येत.

छापखानेवाले : पुष्कळ.

सिस्टर : हो.

छापखानेवाले : मीच घालवली हो तिला. माझ्या हातांनी.

(दार ढकलून बायको आत येते. कोपराच्या खळीत कापूस दाबून धरलेला.)

बायको : रडताय होय? म्हणजे वाईटच आहे. सिस्टर, तुम्ही सांगा, यांना जमायचं नाही.

सिस्टर : बसा, काकू. आजार हाडांत गेलाय, यकृतातही. औषधांनी धरून ठेवता येईल, काढून टाकता येणार नाही.

बायको : म्हणजे यातून मी काही उठत नाही.

सिस्टर : नाही, काकू.

बायको : बरं झालं, सरळ सांगितलंत.

छापखानेवाले : अगं, आपल्याच पत्रकात होतं. गाठ दुखत नसली तरी लगेच दाखवा म्हणून. मी तीनदा बघितलं आणि...

बायको : माहीत आहे मला.

छापखानेवाले : तुला?

बायको : सिस्टर, यांचा मदतनीस सोडून गेल्यापासून लिहिलेला कागद मी मोठ्याने वाचते आणि हे प्रुफावर बोट फिरवतात. तुमचंही मीच वाचलं.

छापखानेवाले : मग बोलली का नाहीस?

बायको : बोलणारच होते. त्या ओळीशी आले आणि थांबले. तुमच्याकडे बघत राहिले. म्हटलं, आता काहीतरी म्हणतील.

छापखानेवाले : मी काय म्हणालो?

बायको : मान वर केली नाहीत. म्हणालात, थांबू नकोस, पुढची ओळ घे. मग घेतली. नंतरच्या दोन वेळा थांबले नाही.