मोरूचा मंगळवार

चहात आलं जास्त झालंय ना? त्याचं कारण आमचा जूचंद्रचा मोरू.

कंपनी बंद पडल्यावर मोरूला समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये काउंटरवर नोकरी मिळायच्या बेतात होती. मुलाखत इंग्रजीत, आणि हा वाराला ‘इन’ लावायचा, महिन्याला ‘ॲट’. त्याची बायको मला म्हणाली, “भावोजी, ही नोकरी गेली तर हे दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसतील. कायतरी करा!”

मी मोरूला सकाळीच गिरीजला आमच्या वाडीत बोलावलं आणि केळींतून फिरवत घोकून घेतलं. वाराला ऑन, घड्याळाला ॲट, महिन्याला इन. शेवटी तो एका घडाकडे बघून खणखणीत म्हणाला, “माय इंटरव्ह्यू इज ऑन ट्यूजडे, ॲट इलेव्हन!”

“वा! परत एकदा.”

परत म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात आमची ही पाणी घेऊन आली. “भावोजी, आज मंगळवारच ना? बारा वाजत आले.”

मोरू पांढराफटक. त्याच क्षणी रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन. मोरू घाईघाईत, पण बिनचूक बोलला, “सॉरी सर! आय विल बी देअर इन ट्वेंटी मिनिट्स!”

मॅनेजर मराठीच निघाला. “इंग्रजी फर्स्ट क्लास आहे हो तुमचं. आता सावकाश या, रविवारी या. फक्त गिऱ्हाईक म्हणून या.”

मोरूच्या बायकोने मला एका शब्दाने दोष दिला नाही. ती फक्त त्याला रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात पाठवते.