बाबा, लावतेय!

मुलगी : नाही, मधला चार्जर नको. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा द्या. भिंतभर झाला तरी चालेल.

वायरमन : माझं काय जातंय, ताई? आमच्या दुकानाला तर मोठाच विकायला आवडतो. पण किंमत ऐकलीत ना? मधल्याच्या दुप्पट. वर जाड केबल वेगळी, वीज कंपनीकडून लोड वाढवून घ्यायचा तो खर्च वेगळा. एवढी काय गाडी दिवसभर पळवता?

मुलगी : पळवते कसली! पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते मी. नवीन नोकरी आहे. विजेवरची गाडी नोकरीवाल्यांनीच दिली, पण चार्जिंगचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले.

वायरमन : मग रात्रभर दारात उभीच असणार की. एवढी घाई कशाला?

मुलगी : तेच नकोय. रात्रभर नकोच. झटकन भरायची आणि झटकन बंद करायची. जितका कमी वेळ चालू, तितका माझ्या जिवाला घोर कमी.

वायरमन : हे काही कळलं नाही मला.

बाबा : कोण आहे गं?

मुलगी : चार्जरवाले आलेत, बाबा. तुम्ही उठू नका, नळी ओढली जाईल!

बाबा : उठलोय. नळी लांब आहे. दारापर्यंत पुरते. नमस्कार. उभे का? बसा.

वायरमन : नमस्कार काका. नाकात हे... ऑक्सिजन का?

बाबा : हो. मशीन हवेतून काढून देतं. हवा फुकट. बिल विजेचं.

वायरमन : म्हणजे आतली ती घुरघुर मशीनची होय! मला वाटलं, जुना फ्रिज.

बाबा : माझंही हिने तेच नाव ठेवलंय. जुना फ्रिज.

मुलगी : बाबा! कधी म्हटलं मी असं?

वायरमन : आणि मघाशी चहाला किटली लावताना तुम्ही ओरडलात, 'बाबा, लावतेय!' आतून 'लाव' आल्यावरच बटण दाबलंत. मी म्हटलं, काका भलतेच कडक दिसतात. चहालाही परवानगी!

मुलगी : तो आमच्या घरचा कायदाच झालाय. किटली, इस्त्री, गीझर, काही लावलं की कधी मेन स्विच पडेल सांगता येत नाही. मेन पडला की मशीन बंद. म्हणून आधी ओरडायचं. बाबा ऑक्सिजनचा जादा सिलिंडर जवळ ओढतात, त्याच्यावर हात ठेवतात, मग 'लाव' म्हणतात.

वायरमन : आणि अशा घरात तुम्हाला सगळ्यात मोठा चार्जर हवाय?

मुलगी : म्हणून तर! छोटा रात्रभर चालू राहणार, म्हणजे रात्रभर टांगती तलवार. मोठा तासाभरात गाडी भरून मोकळा. तेवढा तास मी बाबांच्या उशाशी बसेन, सिलिंडर घेऊन. हिशेब चुकला का माझा?

वायरमन : ताई, रागावू नका, पण उलटा झालाय. चार्जर किती वेळ चालतो यावर मेन पडत नाही. एका वेळी किती ओढतो यावर पडतो. वाढवलेला लोडही मोठा एकटाच खाऊन टाकेल; तासभर बसायची वेळच येणार नाही. पहिल्याच मिनिटाला अंधार.

बाबा : कळलं मला. जिना चढण्यासारखं. एका दमात चढलो, की संपलो. एकेक पायरी घेतली, की पोचतो.

वायरमन : अगदी बरोबर बोललात, काका.

मुलगी : म्हणजे तीन आठवडे मी मोठ्याच्याच किमती काढत बसले होते?

बाबा : राहू दे तो चार्जर. मी सांगितलंय हिला. थोरल्या मुलाकडे जातो. बॅग भरलीय.

मुलगी : बाबा, त्यांच्यासमोर नको ना.

बाबा : का नको? नोकरी चांगली आहे. गाडी ठेव. मी तिकडे असलो, की तू हवी तेव्हा चार्ज कर.

वायरमन : हे बॅगेचं कधी ठरलं?

मुलगी : गेल्या आठवड्यात. मी बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर जाते ना, तिथे रांगेत अडकले होते. इकडे यांना चहाची तलफ आली. गीझर चालू आहे हे विसरून किटली लावली. धाडकन मेन पडला. मी आले तेव्हा घर काळंकुट्ट आणि हे पलंगावर सिलिंडर लावून बसलेले. मला पाहून म्हणतात काय, मी ओरडलो होतो गं.

बाबा : ओरडलोच होतो. लावतोय, म्हणून.

मुलगी : कोणाला, बाबा? घरात होतं कोण?

बाबा : सवय.

मुलगी : तेव्हापासून ती बॅग दाराशी आहे, दादा. दादाच म्हणते तुम्हाला. येता-जाता दिसते. थोरल्याकडे यांना काही कमी नाही. पण हे घर यांचं आहे, आणि मला हे इथे हवेत. मला काहीही करून असा चार्जर द्या, की ती बॅग परत माळ्यावर जाईल.

वायरमन : असं आधी सांगायचं ना! मी आपला मघापासून केबलची जाडी सांगतोय.

बाबा : एक विचारू? ही रोज फिरते किती?

मुलगी : साठेक किलोमीटर. फार तर सत्तर.

वायरमन : एवढंच? मग सगळ्यात छोटा पुष्कळ झाला. रात्री तुम्ही झोपलात की तीन-चार तासांत भरून काढतो. त्याच्याबरोबर एक कडं येतं, ते मेनच्या वायरीवर बसवायचं. घरात काही लागलं, की त्याला कळतं, आणि चार्जर आपण होऊन हात आखडता घेतो. फारच झालं तर थांबतो. पहिला मान घराचा, गाडीचा नंतर.

बाबा : शहाणा आहे. आमच्या थोरल्यापेक्षा.

वायरमन : पण तुमचा मेन स्विचही म्हातारा झालाय. नुसत्या किटलीने पडायला नको तो. आधी तो बदलू.

मुलगी : आणि हे सगळं मिळून किती?

वायरमन : मोठ्याच्या निम्म्याहूनही कमी. दुकानात माझं नाव सांगू नका म्हणजे झालं.

बाबा : मग उरले त्यात... मशीनच्या मागे बॅटरी बसेल? वीज गेली तरी चालेल अशी?

वायरमन : बसेल की! चार्जरच्या आधी तीच बसवतो.

मुलगी : बाबा, हे तुम्हाला आधी का नाही सुचलं?

बाबा : पैसे चार्जरला हवे होते ना. मोठ्या.

(पुढचा आठवडा. चार्जर भिंतीवर बसलाय, गाडी जोडलेली आहे. घरातलं सगळं एकदम चालू करून बघायचं ठरलंय.)

वायरमन : गीझर?

मुलगी : चालू.

वायरमन : ओव्हन? किटली? आता इस्त्री लावा.

मुलगी : थांबा हो. बाबा, सिलिंडर घेतलात ना जवळ?

बाबा : घेतला. लाव.

मुलगी : लावली. काय झालं? चार्जरचा दिवा का बदलला?

वायरमन : काही झालं नाही. त्याने गाडीचं चार्जिंग थांबवलं. आता इस्त्री काढा. हं, बघा, परत सुरू झाला. आता मी मुद्दाम मेन पाडतो.

मुलगी : नको! अहो, थांबा...

वायरमन : पाडला. ऐका.

मुलगी : घुरघुर चालू आहे. बाबा, घुरघुर चालू आहे!

बाबा : मलाच सांगतेस? माझ्या नाकात आहे.

मुलगी : हसू नका. मला रडू येतंय.

बाबा : रड. मग चहा कर. त्यांना पण.

वायरमन : मेन परत लावलाय. मी निघतो, काका. घरी वाट बघतायत. ताई, आता ओरडायची गरज नाही. काय हवं ते लावा खुशाल.

मुलगी : सुटले बाई! बाबा, ऐकलंत ना? आजपासून तो कायदा बंद. तुम्ही निवांत झोपायचं.

बाबा : बंद नको.

मुलगी : आता कशाला?

बाबा : तू ओरडलीस, की कळतं. घरात आहेस.

मुलगी : बरं, ओरडेन.

बाबा : आणि ती बॅग माळ्यावर टाक. दारात पायात येते.

मुलगी : टाकते. आधी चहा. बाबा, लावतेय!

बाबा : लाव.