ट्रॅकर कुठे लपवायचा

कॅरव्हॅनची, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरांची, कुलपं आणि चोरीला गेलेली गाडी शोधून देणारे ट्रॅकर विकणाऱ्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं होतं.

"या वेळी ट्रॅकर मी लपवणार. तुम्ही तेवढा वेळ बाहेर थांबायचं."

"अगं, मला तरी कळू दे कुठे लपवतेस ते."

"नाही. मागच्या वेळी पोलिसांना काय सापडलं? रस्त्याकडेला फेकलेला ट्रॅकर. कॅरव्हॅन गेली ती गेलीच."

"चोर हुशार होता."

"त्याला हुशारी लागलीच कुठे? गॅसच्या कपाटामागे ट्रॅकर बसवलाय, हे तुम्ही प्रत्येक मुक्कामाला लोकांना दाखवत होतात. कुणी नुसतं 'छान आहे हो गाडी' म्हटलं, की यांचं सुरू, 'तुम्हाला म्हणून सांगतो'."

"माणसं चांगली होती गं."

"असतील. मी हाताने शिवलेले पडदे आता कुणाच्या खिडकीला लागलेत, ते विचारा त्या चांगल्या माणसांना."

"पडदे सुरेखच होते."

"पुन्हा शिवलेत मी. या वयात, सुईत दोरा जात नसताना. आता ही गाडी काही मी जाऊ देणार नाही."

"बरं बाई. मग मी काय करू?"

"चाकाचं कुलूप तुम्ही लावा. ते चारचौघांनी पाहिलं तरी चालतं."

दुकानदाराने बोलावलं तशा बाई काउंटरपाशी गेल्या. गृहस्थ मागे वळले आणि माझ्याकडे बघून हसले.

"तुमचीही कॅरव्हॅन आहे? मग चाकाचं कुलूप घ्याच. फक्त त्याची किल्ली नीट ठेवायला हवी. मी एक जागा शोधलीय. तुम्हाला म्हणून सांगतो."