नदीची फाईल बारीक होईना

अरे, आमची धाकटी बहीण शालू लग्न होऊन पार डोंगरात गेली, तिथं नेट लई कमी. तिनं माहेरच्या, पुणतांब्याच्या दोन क्लिपा मागितल्या, एक अंगणाची, एक गोदावरीची. दोन्ही मिनिटभराच्या, सेटिंगही तेच. तिच्या नेटला झेपाव्यात म्हणून बारीक करायला घेतल्या, तर अंगणाची फाईल लगेच झाली, नदीची होईना. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या जोसेफला विचारलं.

"अंगण हलत न्हाई, एकदा साठवलं की झालं. पानी सारखं हलतंय, ते कसं मावंल?"

मग क्वालिटी कमी करून पाठवली. शालूचा फोन आला, "दादा, पानी पुसट दिसतंय. मोठीच पाठव, उतरायला दिवस लागला तरी चालंल."

पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन लावला, तिनं उचलला. पलीकडं क्लिप चालू होती. दोघंही नदी ऐकत राहिलो.