एका चिठ्ठीवर एकच दुखणं

साहेब, ती गाय तुमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या नियमाने मारली. खिडकीच्या रांगेत माझ्या पुढे उभे असलेले दीर-भावजय काय बोलत होते, ते ऐका.

"वहिनी, गाय कशाने गेली म्हणाले?"

"खुरातली जखम वर्षभर चिघळली. त्यामुळे अंगातल्या एका प्रथिनाची घडी बिघडली आणि ते मूत्रपिंडात साचत गेलं. मेल्यावर फाडली, तेव्हा कळलं."

"पण तिला तर जुलाब होते."

"ते त्यानेच होते, भावोजी."

"मग खूर का नाही दाखवलात?"

"चार वेळा दाखवला. एका चिठ्ठीवर एकच तक्रार, म्हणाले. जुलाबाची चिठ्ठी, जुलाबाचं औषध. खुरासाठी पुन्हा रांगेत उभ्या राहा."

"म्हणजे गाईने एका वेळी दोन दुखणी आणायची नाहीत!"

"हसा तुम्ही. मी रांगेत थांबले असते, तर घरी धारा कोणी काढल्या असत्या?"

"बरं, चिडू नका. या दुसऱ्या गाईचा खूर तरी वेळेत दाखवायला आणलाय आपण."

"वेळेत कसला? कालपासून हिलाही जुलाब लागलेत."

साहेब, ती दुसरी गाय बाहेर तीन पायांवर उभी आहे. आज तिचा खूर कोण बघणार, त्याचं नाव सांगा.